तीनशेतली एकशे अठरावी

बावन्न लाख

हा आकडा गाडी बघायच्या आधीचा आहे. फोनवर ऐकलं तेवढ्यावरून मी तो कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाकला: दोन सीटची कन्व्हर्टिबल, अठ्ठावीस वर्षांची, कंपनीने जगभरात तीनशेच बनवलेली, पहिल्यापासून एकच मालक, मीटरवर ८,४१२ किलोमीटर. माझी ही सवय आहे. गाडीचं तोंड बघण्याआधी एक आकडा मांडायचा, म्हणजे नंतर आपण कशावर भाळलो आणि कशावर चिडलो ते आपलं आपल्यालाच कळतं.

फोनवरची बाई म्हणाली, "ताई, गाडी माझ्या वडिलांची. ते जाऊन आठ महिने झाले. मला खरा आकडा हवाय. कमी नको, जास्तही नको."

जास्त नको म्हणणारं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत पहिल्यांदा भेटलं.

एक्कावन्न लाख

त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर गॅरेजांची रांग होती, त्यात शेवटून दुसरं. शटर वर गेलं तेव्हा आत गाडी फुलाफुलांच्या चादरीखाली झोपली होती. फोनवाली बाई, म्हणजे घरातली धाकटी, हिने चादर ओढली. गर्द हिरवा रंग. दरवाजाच्या आत पितळेची छोटी पट्टी: ११८/३००.

"दोनशे नव्व्याण्णव असती तर भाव कमी झाला असता का हो?" तिने विचारलं.

"नाही. एक असती तर वाढला असता. मधल्यांना कोणी विचारत नाही."

"आमच्या घरात मधलं कोणी नाहीच. एक थोरला, एक मी."

मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि बॉनेटपासून सुरुवात केली. सगळीकडे जवळजवळ सारखाच आकडा. म्हणजे मूळ रंग, कुठे ठोकलेलं नाही, लांबी भरलेली नाही. पोटावर झोपून टॉर्चने खाली पाहिलं. गालिचे उचलून पत्रा पाहिला, कारण उघड्या छताच्या गाड्या पावसात आतून कुजतात आणि वरून नवरीसारख्या दिसतात. ही कोरडी होती. फक्त छताला डाव्या कोपऱ्यात वीतभर फाटलेलं कोणीतरी शिवलं होतं. मी टाक्यांवरून बोट फिरवलं. एकसारखे, मेण लावलेल्या दोऱ्याचे, आतून पट्टी दिलेली.

"ही शिवण कोणाची? असं काम मी पाहिलेलं नाही."

"माझं!" ती एकदम खुलली. "मी वाद्यांच्या खोळी शिवते. व्हायोलिन, गिटार, एकदा तर हार्प. त्यापुढे छप्पर म्हणजे काय."

मी कागदावर एक लाख कमी केले.

"म्हणजे? माझ्या टाक्यांचे एक लाख कापले?"

"टाक्यांचे नाही. फाटल्याचे. टाके वाईट असते तर तीन कापले असते."

"मग दोन लाख कमावले म्हणा ना मी!"

तिथेच, चादरीची घडी घालता घालता, तिने मला खरा मामला सांगितला. वडील घड्याळजी. बाजारात सात फुटांचं दुकान. आयुष्यात त्यांनी एकच महागडी वस्तू विकली, त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ. आणि एकच महागडी वस्तू घेतली, ही गाडी. तेव्हा ती शोरूममध्ये वर्षभर धूळ खात पडली होती, कोणी विचारत नव्हतं, म्हणून परवडली. आता तीच दोन मुलांत वाटायची होती. आईने आपला हक्क आधीच सोडलेला. आणि वाटणीचा त्या घरात एकच नियम होता, सफरचंदापासून चालत आलेला: धाकट्याने कापायचं, थोरल्याने उचलायचं.

"म्हणजे मी किंमत लिहायची," ती म्हणाली. "दादा ती वाचणार. मग एक तर तो मला निम्मे देऊन गाडी घेणार, नाही तर म्हणणार, याच भावाने तू घे आणि मला निम्मे दे. मी फार वर लिहिलं तर गाडी माझ्या गळ्यात. फार खाली लिहिलं तर माझेच बुडाले. लहानपणी मी बाबांच्या कॅलिपरने मोजून सफरचंद कापायचे."

"आणि दादा?"

"तरी पाच मिनिटं बघत बसायचा."

तिला निम्म्यात एकोणीस लाख तरी यायला हवे होते. आईच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर तिचं शिलाई मशीन होतं. ते चाललं की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठीने छत ठोकत. तिने एक गाळा बघून ठेवला होता. उत्तरेचा उजेड, दोन मशीन मावतील एवढा. गाळ्याचा मालक शनिवारपर्यंत थांबणार होता. आज मंगळवार.

मी मनातल्या मनात एक्कावन्नाचे निम्मे केले. हिचा गाळा झाला, असं वाटलं. त्यामुळे मी गुणगुणतच गाडीचं सर्व्हिस बुक उघडलं.

एकतीस लाख

बुकात चार वर्षांचे शिक्के होते. शेवटचा शिक्का: २२,६४० किलोमीटर.

मीटरवर: ८,४१२.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पेडलचं रबर पाहिलं, कडा गुळगुळीत झालेल्या. सीट पाहिल्या. चालवणाऱ्याची सीट झिजलेली होतीच, पण शेजारचीही तितकीच, शिवणीपर्यंत. आठ हजारांत चामडं असं होत नाही.

"मीटर मागे फिरवलाय," मी म्हणाले.

"कोणी?"

या प्रश्नाला माझ्या धंद्यात उत्तर द्यायचं नसतं. मी सर्व्हिस बुक मिटलं आणि तिने ते ओळखलं.

"बाबांनी? अहो, घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जातं म्हणून गिऱ्हाइकाचे पैसे परत करणारा माणूस तो!"

"मी माणसाची किंमत करत नाहीये. फिरवलेल्या मीटरची गाडी खरी किती चालली ते कोणालाच माहीत नसतं. घेणारा मग वाईटातलं वाईट धरतो. एकतीस."

एकतीसचे निम्मे साडेपंधरा. ती खाली, गॅरेजच्या उंबऱ्यावर बसली. रडली नाही. बोटांवर दोऱ्याने पडलेले चर होते, ते अंगठ्याने चोळत राहिली.

अजूनही एकतीस

बुधवार सकाळ. फोन तिने स्पीकरवर ठेवला. मी त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात, टेबलावरच्या मशीनच्या बाजूला चहा घेत होते. पलीकडून तिचा दादा. बस चालवतो, त्या वेळी डेपोत होता. मागे कोणीतरी हॉर्न तपासत होतं.

"दादा, ताई म्हणतात मीटर फिरवलाय."

"कोण ताई?"

"किंमत काढणाऱ्या."

"त्यांना म्हणावं, आमच्या बापाला चोर म्हणायची फी वेगळी घेता का?"

"मी ऐकतेय," मी म्हणाले.

"ऐका की! मॅडम, मी वीस वर्षं बस चालवतोय. बाबा ती गाडी रविवारी फक्त बॅटरी जिवंत राहावी म्हणून चौकापर्यंत न्यायचे. आठ हजारसुद्धा मला जास्तच वाटतात."

"मग सर्व्हिस बुकातले बावीस हजार?"



"दादा," धाकटी म्हणाली, "मीटर उघडू या."

"कशाला?"

"बाबा कुठलंही घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरायचे. तारीख आणि काय केलं ते. दुकानात बसून मी भिंगातून वाचायचे ना. हा मीटर त्यांनी उघडला असेल तर त्यातही कोरलं असणार."

"आणि नसेल तर?"

तो प्रश्न माझ्यासाठी होता. मी खरं ते सांगितलं. मीटरला हात न लावता मी लिहीन की आकडा शंकास्पद आहे. उघडला आणि आत काही निघालं नाही, तर लिहावं लागेल की आपण सगळ्यांनी तो उघडला. तेव्हा अठ्ठावीससुद्धा कठीण.

"बाप गेला, आता त्याच्या मीटरचं पोस्टमॉर्टेम," दादा म्हणाला.

"तू नाही म्हणालास तर नाही उघडत. गाडी अर्धी तुझी आहे."

"माझी पाळी दोनला संपते. माझ्याशिवाय स्क्रू हलवायचा नाही. आणि मेकॅनिक कुणी नको. तू उघड. तुझा हात बाबांचा आहे."

(आकडा नाही)

दुपारचे तीन. गॅरेजमध्ये आम्ही चौघं: थोरला बसचालकाच्या गणवेशात, धाकटी, मी, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांची आई. आईला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपली जिना उतरून आली आणि म्हणाली, "मला वर करमत नाही."

जुना मीटर, तारेवर चालणारा, आकड्यांची पाच छोटी चाकं. धाकटीने तो डॅशबोर्डमधून काढून मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला. वडिलांचे स्क्रूड्रायव्हर एका चपट्या डब्यात होते, प्रत्येकाच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा. तिने न बघता पिवळा उचलला.

"जपून," थोरला म्हणाला.

"गप रे."

"मी फक्त जपून म्हटलं."

"तू बस चालव."

मागचं झाकण सुटलं. तिने ते उजेडाकडे धरून तिरकं केलं. मला काहीच दिसेना. पत्रा, थोडा काळपट. तिने भिंग डोळ्याला लावलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणून थोरल्याकडे पाहिलं. तो ओठ हलवत होता, मोजत असावा किंवा दुसरं काही.

"उघडलं," धाकटी वाचू लागली. "साफ केलं. तेल दिलं. काटा अडखळत होता, आता नाही." मग सतरा वर्षांपूर्वीची एक तारीख. मग ती थांबली, आणि आकडे एकेक करून वाचले. "तीन, एक, नऊ, शून्य, सहा. होता. शून्यावर लावला."

"शून्यावर का लावला?" मी विचारलं. मला खरंच कळेना. जो माणूस मीटर मागे फिरवतो तो आतल्या बाजूला तसं लिहून ठेवत नाही.

दोघं भावंडं एकमेकांकडे बघत होती. थोरलाच आधी हसला. "बारावर!"

"बारावर," धाकटी म्हणाली. "ताई, साफ केलेलं प्रत्येक घड्याळ बाबा बारावर लावून ठेवायचे. दुकानात शंभर घड्याळं, सगळ्यांत बारा वाजलेले. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर खरी वेळ लावायची. हा मीटरही त्यांनी साफ केला. मग तो बारावर लावला."

"पण मीटरचं गिऱ्हाईक कोण?"

"तेच. स्वतःच. म्हणून राहून गेलं."

बावीस वर्षांत मी फिरवलेले मीटर शेकड्यांनी पाहिले. लोभाने फिरवलेले, बायकोपासून लपवायला फिरवलेले, एक तर पैज म्हणून. सवयीने फिरवलेला पहिलाच.

एकतीस हजार नऊशे सहा अधिक आठ हजार चारशे बारा. चाळीस हजार तीनशे अठरा. पेडलचं रबर तेच सांगत होतं, सर्व्हिस बुकाशी जुळत होतं, सीटच्या चामड्याशीही.

"पण चाळीस हजार?" थोरला म्हणाला. "बॅटरी जिवंत ठेवायला? ती बॅटरी होती का अमर आत्मा?"

तेव्हा खुर्चीतून आवाज आला.

"त्यातले बरेचसे माझे आहेत."

आई चादरीच्या घडीवर हात ठेवून बसली होती, कोणाकडे न बघता.

"तुम्ही शाळेत गेलात की हे दुकानावर पाटी लावायचे, जरा बाहेर गेलोय. मग आम्ही जायचो. धरणापर्यंत. कधी त्याच्याही पुढे. साडेचारला परत."

"आई! दर वेळी?"

"दर बुधवारी. तुम्ही मोठे झालात तरी."

"म्हणून बुधवारी तुझे केस विस्कटलेले असायचे," थोरला म्हणाला. "मला वाटायचं तुला बरं नसतं. मी बुधवारी मुद्दाम दंगा करायचो नाही!"

"कळायचं मला. फार गुणी होतास बुधवारी."

"आणि आम्हाला कधी नाही नेलं?" धाकटीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "एकदाही?"

"दोन सीट," आई म्हणाली. "त्यांनी चालवायची, शेजारी एक जण. कोणाला न्यायचं? ते म्हणाले, सगळं कापता येतं, ही जागा कापता येत नाही. ज्याला ठेवून जाऊ तो आयुष्यभर लक्षात ठेवील. मी म्हटलं, मग मीच बसते."

धाकटीने मीटरमधली धूळ फुंकली आणि झाकण बसवलं. शेवटचा स्क्रू तिने थोरल्याला फिरवू दिला.

चव्वेचाळीस लाख

हे माझं पत्रक. गुरुवारी टाइप केलं. मूळ रंग, कोरडा पत्रा, चाळीस हजार तीनशे अठरा किलोमीटर, झाकणाच्या आतल्या मजकुराचा मोठा केलेला फोटो सोबत जोडला. मीटर उघडल्याचं लिहिलं, का उघडला तेही लिहिलं. छतावरच्या दुरुस्तीचे एक लाख वजा, ते ठेवलेच. गेल्या तीन वर्षांत याच तीनशेंपैकी चार गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्यांच्या भावांशी ताडून पाहिलं. एकतीस खोडलं नाही. मी खोडत नाही, नवीन कागद घेते.

पन्नास लाख

हा आकडा माझा नव्हे. हा शुक्रवारी सकाळी दहा वाजता, माझ्या ऑफिसच्या दारातून आत आला.

धाकटी बसली नाही. "ताई, एक विचारू? दादा पन्नासलाही घेईल."

"असं म्हणाला?"

"म्हणाला नाही. पण बुधवारपासून रोज डेपोतून येऊन गाडीत बसतो. सुरू करत नाही, नुसता बसतो. काल आईला शेजारी बसवलं होतं. मी पन्नास लिहिले तर तरी तो गाडी सोडणार नाही. म्हणजे पंचवीस माझे. तिसरं मशीन येईल. मदतीला एक बाई ठेवता येईल."

"तुमचा नियम काय सांगतो?"

"नियम काहीच सांगत नाही. धाकट्याने कापायचं, एवढंच. वाकडं कापू नये असं कुठे आहे?"

"मग लिहा."

"तुम्ही पत्रकात पन्नास..."

"नाही."

"निदान शेहेचाळीस?"

"मी बाजाराचा भाव सांगते. तुमच्या भावाला गाडीचा लळा किती लागलाय ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे. म्हणून तर तुम्ही विचारताय."

ती खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. अर्धं अक्षर झालं होतं. ती तेच बघत राहिली.

"लहानपणी एकदा मी सफरचंद वाकडं कापलं होतं," ती म्हणाली. "बी एका बाजूला लपवून, म्हणजे मोठा वाटणारा तुकडा आतून पोकळ. दादाने तोच उचलला."

"मग?"

"काही नाही. खाल्लं त्याने. बी थुंकून टाकली. पण त्यानंतर तो पाच मिनिटं बघायला लागला."

ती पत्रक घेऊन गेली. तिने काय ठरवलं ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचा धीर झाला नाही.

बावीस लाख

शुक्रवार, संध्याकाळचे पाच. आईच्या घरचं जेवणाचं टेबल. मशीन एका कडेला सरकवलेलं, त्यावर अर्धी शिवलेली निळी खोळ. मी साक्षीदार म्हणून. आईने सगळ्यांसमोर पाणी ठेवलं आणि कोणीच प्यायलं नाही.

धाकटीने घडी घातलेला कागद टेबलावरून सरकवला. थोरल्याने तो उचलला, पण उघडला नाही. आधी मला विचारलं.

"मॅडम, घेतली तर वर्षाला पोसायला किती?"

मी सांगितलं. लहान आकडा नव्हता. विमा, टायर, शिवाय सुटे भाग मिळत नाहीत, शोधावे लागतात. त्याने मान हलवली. वीस वर्षं दुसऱ्याच्या डिझेलवर बस चालवलेला माणूस. हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"मी तुझ्या वहिनीला सांगून आलोय," तो बहिणीला म्हणाला. "ती म्हणाली, पन्नासच्या वर लिहिलं असेल तर सरळ म्हण, तूच घे. पन्नासपर्यंत असेल तर आपण कर्ज काढू. मी बँकेत बोलून आलो. पंचवीस मंजूर करून ठेवलेत."

धाकटीचा श्वास मला ऐकू आला. तिने तो आकडा अचूक मोजला होता.

त्याने कागद उघडला. वाचला. उलटा करून पाठीमागे पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. एक मिनिट. दोन.

"बघ, पाच मिनिटं बघ," धाकटी म्हणाली. आवाजात थट्टा होती, हात मात्र मांडीखाली दाबलेले.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला.

"ताईंनी काढलेला. वर नाही, खाली नाही."

"तुला माहीत होतं, मी जास्त देईन."

"होतं."

"मग?"

"मग काय. तू उचल ना आता. हात दुखले माझे."

त्याने कागदाची होती तशीच घडी घातली आणि गणवेशाच्या खिशात ठेवली. या वेळी नियम दोनच मिनिटांत पुरा झाला. "उचलली," तो म्हणाला. "सोमवारी बावीस तुझ्या खात्यात. कर्ज तीन लाखांनी कमी, तुझी वहिनी तुला जेवायला बोलावणार बघ."

"सोमवारी?" धाकटी उभी राहिली. "अरे, शनिवार उद्या आहे!"

"थांब. चेक आज देतो. सोमवारपर्यंत भरू नको म्हणावं गाळेवाल्याला, एवढंच."

"ऐकेल का तो?"

"नाही ऐकलं तर मला दे फोन. मी बसमध्ये रोज ऐंशी माणसांना मागे सरकवतो."

तिने फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. आईने ग्लास उचलून लेकीच्या हातात दिला, तिने तो घेतला आणि न पिता धरून ठेवला.

"हॅलो? हो, मीच, खोळीवाली. चेक उद्या आणते, सोमवारी भरा, चालेल?... हो, सोमवारी नक्की, तारीख घालूनच देते... चालेल?" तिने डोळे मिटले, उघडले. "हो. मग चावी उद्याच द्याल? मोजमाप करायला येते सकाळी. नाही, एकटी नाही. माझा भाऊ सोडेल मला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मशीन? दोन," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "आत्ता दोन."